दोन टोकांवरचे कॅमेरे : डॅलस, नोव्हेंबर १९६३ आणि स्थानिक दूरचित्रवाणी अभियंते

राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांची २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये हत्या झाली. त्या वेळी शहरातील दूरचित्रवाणी केंद्रांत काम करणाऱ्या तंत्रज्ञांनी आणि अभियंत्यांनी पुढील काळात आपल्या आठवणी सांगितल्या आहेत. वार्ताहरांच्या आठवणींपेक्षा त्यांचा पोत निराळा असतो. कोण काय म्हणाले, कोणाचा चेहरा कसा झाला होता, हे वार्ताहराच्या लक्षात राहते. अभियंत्याच्या लक्षात राहते ते गाडी कुठे लावली, केबल कोणत्या वाटेने नेली, टेलिफोन कंपनीची लाइन केव्हा हाती आली आणि कोणत्या यंत्रावर टेप चढवलेली होती, हे. हा तपशील कोरडा म्हणून बाजूला ठेवण्याकडे आपला कल असतो. प्रत्यक्षात हत्येपासून दफनविधीपर्यंतच्या चार दिवसांत अमेरिकेने काय पाहिले आणि काय पाहू शकली नाही, हे बऱ्याच अंशी याच तपशिलाने ठरवले. म्हणून या आठवणी वाचण्याआधी १९६३ सालचे स्थानिक केंद्र कसे चालत असे आणि ते त्या दिवसापर्यंत कसे येऊन पोचले, हे माहीत असणे आवश्यक आहे.

डॅलस आणि फोर्ट वर्थ ही शेजारची शहरे एकाच प्रक्षेपणक्षेत्रात येतात. १९६३ साली तेथे तीन मोठ्या राष्ट्रीय नेटवर्कची तीन सहयोगी केंद्रे होती : फोर्ट वर्थचे डब्ल्यूबीएपी-टीव्ही एनबीसीशी, डॅलसचे केआरएलडी-टीव्ही सीबीएसशी आणि डब्ल्यूएफएए-टीव्ही एबीसीशी जोडलेले होते. तिन्हींची मालकी स्थानिक वृत्तपत्रांच्या घराण्यांकडे होती, त्यामुळे बातमी आधी देण्याची चढाओढ त्यांच्यात पूर्वापार होती. डब्ल्यूबीएपी हे टेक्सासमधील पहिले दूरचित्रवाणी केंद्र. सप्टेंबर १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन प्रचारदौऱ्यावर रेल्वेने फोर्ट वर्थला आले, तेव्हा त्यांचे भाषण दाखवून या केंद्राने आपल्या कामाची सुरुवात केली. म्हणजे या भागातील दूरचित्रवाणीचा जन्मच स्टुडिओबाहेर, राष्ट्राध्यक्षांच्या भेटीच्या निमित्ताने झाला होता. डॅलसची दोन केंद्रे १९४९ साली सुरू झाली.

सुरुवातीच्या काळात ही केंद्रे न्यूयॉर्कशी थेट जोडलेली नव्हती. नेटवर्कचे कार्यक्रम चित्रपटाच्या फिल्मवर उतरवून टपालाने येत आणि काही दिवसांनी दाखवले जात. अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांना जोडणारी, मायक्रोवेव्ह म्हणजे सूक्ष्म रेडिओलहरींनी चित्र पुढे पाठवणाऱ्या मनोऱ्यांची साखळी सप्टेंबर १९५१ मध्ये, सॅन फ्रान्सिस्को येथील जपान शांतता परिषदेतील ट्रुमन यांच्या भाषणाच्या प्रक्षेपणाने सुरू झाली आणि टेक्सासची शहरे १९५२ साली त्या जाळ्यात आली. मधल्या वर्षांत स्थानिक केंद्रांना बराचसा वेळ स्वतःच्या बळावर भरून काढावा लागला. त्यामुळे सामने, मिरवणुका आणि सभा दाखवण्यासाठी कॅमेरे गाडीत घालून बाहेर नेण्याची सवय त्यांच्या अभियंत्यांना फार लवकर लागली. १९६३ साली कामी आली ती हीच सवय.

स्थानिक केंद्राने एखादी दुर्घटना घडत असताना तासन् तास दाखवावी, याचा पायंडा मात्र कॅलिफोर्नियात पडला. एप्रिल १९४९ मध्ये सॅन मरिनो येथे कॅथी फिस्कस नावाची तीन वर्षांची मुलगी वापरात नसलेल्या विहिरीच्या अरुंद नळीत पडली. लॉस एंजेलिसच्या केटीएलए केंद्राने बचावकार्याच्या जागेवरून सत्तावीस तासांहून अधिक काळ सलग थेट प्रक्षेपण केले. मुलगी वाचली नाही. केंद्राचे प्रमुख क्लाउस लँड्सबर्ग हे मुळात अभियंते होते आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणात त्यांनी काम केले होते. त्यांनीच १९५२ साली नेवाडाच्या वाळवंटातील अणुस्फोटाचे चित्र डोंगरमाथ्यांवर मायक्रोवेव्हचे टप्पे उभारून लॉस एंजेलिसला आणले. त्याच केंद्राचे मुख्य अभियंते जॉन सिल्व्हा यांनी १९५८ साली हेलिकॉप्टरमध्ये कॅमेरा आणि प्रक्षेपक बसवला. वृत्तप्रक्षेपणाच्या इतिहासात निवेदकांची नावे ठळकपणे येतात. माझ्या मते लँड्सबर्ग आणि सिल्व्हा यांची नावे त्यांच्या बरोबरीने यायला हवीत, कारण दुर्घटनेच्या जागेवरून थेट चित्र दाखवता येते ही कल्पना प्रथम अभियंत्यांनी सिद्ध करून दाखवली आणि वृत्तविभागांनी ती नंतर आपलीशी केली.

आता १९६३ सालच्या साधनांकडे वळू. स्टुडिओत आणि बाहेर वापरले जाणारे कॅमेरे इमेज ऑर्थिकॉन नावाच्या चित्रनळीवर चालत. कॅमेरा दोन माणसांनी उचलावा इतका जड असे आणि जाड, अनेक तारांच्या केबलने तो गाडीतील नियंत्रण यंत्राला जोडलेला असे. ती केबल तुटली किंवा पुरली नाही, तर कॅमेरा निरुपयोगी. झूम लेन्स सर्वत्र नव्हती. पुष्कळ कॅमेऱ्यांच्या तोंडाशी चार लेन्स बसवलेली फिरती तबकडी असे आणि दृश्य जवळ आणायचे झाल्यास ती फिरवून नवी लेन्स पुढे आणावी लागे. निर्वात नळ्यांवर चालणारी ही सगळी यंत्रणा बटण दाबताच चित्र देत नसे. ती तापून स्थिर होण्यास बराच वेळ लागे. शिवाय कॅमेरा एकाच प्रखर दृश्यावर फार वेळ रोखून धरला, तर त्या दृश्याचा ठसा नळीवर राहून पुढच्या चित्रात दिसत राही. दीर्घ प्रक्षेपणात कॅमेरा अधूनमधून हलवत राहणे किंवा लेन्स झाकणे, ही काळजी तंत्रज्ञाला सतत घ्यावी लागे.

गाडीतून केंद्रापर्यंत चित्र नेण्यासाठी मायक्रोवेव्हचा दुवा वापरत. गाडीच्या टपावरील किंवा जवळच्या इमारतीच्या गच्चीवरील थाळी (अँटेना) केंद्राच्या मनोऱ्यावरील थाळीसमोर अचूक रोखावी लागे, आणि मध्ये एखादी उंच इमारत आली की दुवा मिळत नसे. एक तंत्रज्ञ या टोकाला, दुसरा त्या टोकाला आणि मध्ये टेलिफोन, अशी ती जुळणी चाले. आवाज बहुधा या वाटेने न जाता टेलिफोन कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या स्वतंत्र तारांवरून जाई आणि या तारा आधी सांगून जोडून घ्याव्या लागत. चित्र पोचले, तरी आणखी एक अडचण असे. प्रत्येक कॅमेरा-यंत्रणा आपल्या स्वतःच्या तालावर, सेकंदाला ३० चौकटी आणि प्रत्येक चौकटीत ५२५ रेषा, असे चित्र आखत असे. बाहेरच्या गाडीचा ताल आणि स्टुडिओचा ताल जुळवून घेतला नसेल, तर एका चित्रावरून दुसऱ्यावर जाताना घराघरांतील पडद्यावरचे चित्र क्षणभर लोळत असे. दोन्ही ताल आपोआप जुळवणारी यंत्रे केंद्रांत आली ती १९७० च्या दशकात.

टेपची गोष्ट याहून नाजूक होती. अँपेक्स कंपनीने १९५६ साली शिकागो येथे आपले पहिले व्यावहारिक व्हिडिओ टेप यंत्र दाखवले. दोन इंच रुंदीची टेप सेकंदाला १५ इंच वेगाने पुढे सरके आणि चार चुंबकीय शीर्षे बसवलेली चकती मिनिटाला १४,४०० फेऱ्या घेत तिच्यावर आडव्या रेषांत चित्र नोंदवी. यंत्र अतिशय महाग होते आणि टेपही स्वस्त नव्हती. त्यामुळे नोंदवलेला कार्यक्रम पुसून तीच टेप पुन्हा वापरणे हा सर्व केंद्रांचा रिवाज होता. टेपचे संकलन म्हणजे ती पात्याने कापून चिकटवणे. टेप मागे नेऊन पुन्हा दाखवायची झाल्यास यंत्र थांबवावे लागे, आणि पुन्हा सुरू केल्यावर चित्र स्थिर होईपर्यंत काही सेकंद जात. त्या अवधीत पुढची घटना नोंदवायची असेल, तर दुसरे यंत्र हाताशी असावे लागे.

रोजच्या बातम्या मात्र १६ मिलिमीटरच्या कृष्णधवल फिल्मवरच घेतल्या जात. छायाचित्रकार फिल्म घेऊन केंद्रात येई, केंद्राच्या प्रयोगशाळेत ती धुतली जाई आणि घाई असली तर वेगळी पॉझिटिव्ह प्रत न काढता निगेटिव्हच यंत्रात घालून काळ्याचे पांढरे इलेक्ट्रॉनिक रीतीने करून दाखवली जाई. राष्ट्रीय पातळीवर बातम्यांचे स्थानही त्या वर्षी नुकतेच वाढले होते. सीबीएस आणि एनबीसी यांनी संध्याकाळचे पंधरा मिनिटांचे बातमीपत्र अर्ध्या तासाचे केले, ते सप्टेंबर १९६३ मध्ये, म्हणजे हत्येच्या जेमतेम अकरा आठवडे आधी.

केनेडी यांच्या टेक्सास दौऱ्यासाठी तिन्ही स्थानिक केंद्रांनी चढाओढ बाजूला ठेवून काम वाटून घेतले होते. फोर्ट वर्थमधील सकाळचा न्याहारीचा कार्यक्रम डब्ल्यूबीएपीने, डॅलसच्या लव्ह फील्ड विमानतळावरील आगमन डब्ल्यूएफएएने आणि ट्रेड मार्ट इमारतीतील दुपारच्या भोजनप्रसंगीचे भाषण केआरएलडीने घ्यायचे आणि चित्र सर्वांनी वापरायचे, असे ठरले. एवढ्या गाड्या, कॅमेरे आणि तारा एका केंद्राकडे नव्हत्या, म्हणून ही वाटणी शहाणपणाची होती. विमानतळ आणि ट्रेड मार्ट यांच्यामधील सुमारे दहा मैलांच्या मार्गावर, जिथून राष्ट्राध्यक्षांची उघडी गाडी जाणार होती, एकही थेट कॅमेरा नव्हता. चालत्या ताफ्याबरोबर थेट चित्र पाठवण्याचे साधन स्थानिक केंद्रांजवळ नव्हते, आणि रस्त्याच्या एका वळणावरून काही सेकंदांपुरते दिसणारे दृश्य दाखवण्यासाठी गाडी, थाळी आणि तारा गुंतवून ठेवणे त्या परिस्थितीत कोणालाही परवडले नसते. वृत्तपत्रांचे आणि दूरचित्रवाणीचे फिल्म-छायाचित्रकार ताफ्यात होते. पण त्यांची वाहने बरीच मागे होती.

म्हणून दुपारी १२ वाजून ३० मिनिटांनी या मार्गावरील डीली प्लाझा या चौकात गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा थेट कॅमेरे दोन्ही टोकांना होते आणि घटना मध्ये घडली. पुष्कळ अमेरिकनांना आपण तो क्षण त्याच दिवशी दूरचित्रवाणीवर पाहिल्याचे मनापासून वाटते. तसे घडणे शक्यच नव्हते. ज्या चित्रामुळे तो क्षण जगाला ठाऊक आहे, ते एब्राहम झॅप्रुडर या स्थानिक कापड व्यावसायिकाने घरगुती ८ मिलिमीटर कॅमेऱ्याने घेतले होते. त्याची लांबी सुमारे २६ सेकंद. हत्येनंतर दोन तासांच्या आत झॅप्रुडर डब्ल्यूएफएएच्या स्टुडिओत होते आणि केंद्राचे कार्यक्रम संचालक जे वॉटसन यांनी त्यांची थेट मुलाखत घेतली. फिल्म मात्र तेथे धुता आली नाही. केंद्राची प्रयोगशाळा १६ मिलिमीटरच्या कृष्णधवल फिल्मसाठी होती आणि झॅप्रुडर यांची फिल्म ८ मिलिमीटरची रंगीत कोडॅक्रोम होती. ती कोडॅकच्या डॅलसमधील प्रक्रियाकेंद्राकडे गेली, पुढे ‘लाइफ’ साप्ताहिकाने तिचे हक्क विकत घेतले आणि राष्ट्रीय नेटवर्कवर ती हलत्या चित्राच्या रूपात प्रथम दिसली ती मार्च १९७५ मध्ये. प्रयोगशाळेतील रसायनांचा प्रकार वेगळा असता, तर त्याच दुपारी ती फिल्म डॅलसच्या पडद्यावर दिसू शकली असती आणि हत्येसंबंधीच्या पुढच्या साऱ्या वादाने वेगळे वळण घेतले असते. ही अटकळ माझी आहे. परंतु एका स्थानिक केंद्राच्या तांत्रिक मर्यादेचा राष्ट्रीय स्मृतीवर किती परिणाम होतो, हे दाखवणारे याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही.

बातमी पहिल्यांदा पोचली ती तारेने. ताफ्यातील गाडीच्या टेलिफोनवरून यूपीआय या वृत्तसंस्थेचे मेरिमन स्मिथ यांनी पहिला संदेश दिला आणि १२ वाजून ३४ मिनिटांनी तो देशभरच्या टेलिप्रिंटरवर उमटला. सीबीएसने न्यूयॉर्कच्या वेळेनुसार १ वाजून ४० मिनिटांनी चालू मालिका थांबवली. पण वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांचा केवळ आवाज ऐकू आला आणि पडद्यावर बातमीची पाटी दिसत राहिली, कारण वृत्तकक्षातील कॅमेरा तापलेला नव्हता. क्रॉन्काइट पडद्यावर दिसले ते सुमारे वीस मिनिटांनी. इकडे डॅलसमध्ये जे वॉटसन, जे स्वतः डीली प्लाझाजवळ होते, धावत स्टुडिओत आले आणि चालू कार्यक्रम मध्येच थांबवून कॅमेऱ्यासमोर बसले. डब्ल्यूएफएएचा स्टुडिओ घटनास्थळापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता, आणि दुपारच्या स्थानिक कार्यक्रमासाठी कॅमेरे आधीच सुरू होते. न्यूयॉर्कच्या बलाढ्य नेटवर्कला जे त्या मिनिटाला जमले नाही, ते डॅलसच्या स्टुडिओला एवढ्यामुळे जमले.

डॅलसहून राष्ट्रीय पडद्यावर गेलेली आरंभीची थेट चित्रे ट्रेड मार्टची होती. केआरएलडीचे कॅमेरे भाषणासाठी तेथे लावलेलेच होते. जमलेले पाहुणे, राष्ट्राध्यक्षांसाठी मांडलेले रिकामे व्यासपीठ आणि केआरएलडीचे वृत्तसंचालक एडी बार्कर यांचे निवेदन सीबीएसने देशभर दाखवले. केनेडी यांचे निधन झाल्याचे आपल्याला समजले आहे, असे बार्कर यांनी एका वैद्यकीय व्यक्तीच्या हवाल्याने अधिकृत घोषणेआधीच सांगितले.

येथे टेलिफोन कंपनीच्या भूमिकेचा उल्लेख केला पाहिजे, कारण सामान्य वाचकाला ती सहसा दिसत नाही. देशभरचे नेटवर्क एटी अँड टी कंपनीच्या मायक्रोवेव्ह आणि कोअ‍ॅक्सियल केबलच्या मार्गांवर चालत असे, आणि हे मार्ग रोजच्या वेळापत्रकात एकाच दिशेने, बहुतेक वेळा न्यूयॉर्ककडून केंद्रांकडे, चित्र नेण्यासाठी लावलेले असत. डॅलसचे चित्र न्यूयॉर्ककडे पाठवायचे तर वाटेतील अदलाबदलीच्या ठाण्यांवर मार्ग बदलून घ्यावा लागे. एरवी हे काम आगाऊ मागणीवर होई. त्या दुपारी टेलिफोन कंपनीच्या आणि केंद्रांच्या तंत्रज्ञांना ते मागणीपत्रांवाचून, परस्पर बोलून, मिनिटामिनिटाला करावे लागले. तिन्ही नेटवर्कनी जाहिराती बंद केल्या होत्या. त्यामुळे नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाला जाहिरातींच्या वेळेत मिळणारी उसंतही नाहीशी झाली, आणि पुढची चित्रधारा कुठून येणार हे ती येईपर्यंत निश्चित नसे.

संध्याकाळपर्यंत सर्वांच्या गाड्या शहर पोलिसांच्या मुख्यालयाकडे वळल्या. संशयित ली हार्वे ऑस्वाल्ड याला तिसऱ्या मजल्यावर ठेवून त्याची चौकशी चालू होती. हत्येच्या चौकशीसाठी नेमलेल्या वॉरन आयोगाच्या सप्टेंबर १९६४ मधील अहवालात या मजल्याचे वर्णन आहे. अवघ्या सात फूट रुंदीच्या त्या मार्गिकेत शंभराहून अधिक माणसे दाटली होती. लिफ्टजवळच्या मोकळ्या जागेत दोन मोठे कॅमेरे आणि प्रखर दिवे लावलेले होते. तंत्रज्ञांनी केबल कार्यालयांतून आत-बाहेर ओढून नेल्या होत्या आणि त्यांतील काही एका उपप्रमुखाच्या खोलीच्या खिडकीतून इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवरून खाली सोडल्या होत्या. पत्रकारांच्या गर्दीवर ताशेरे ओढण्यासाठी हे वर्णन नेहमी उद्धृत केले जाते, आणि ते ताशेरे योग्यच आहेत. अभियंत्याच्या नजरेने पाहिल्यास त्यातून दुसरीही एक गोष्ट कळते. गाडी रस्त्यावर, कॅमेरा तिसऱ्या मजल्यावर आणि दोहोंना जोडणारी केबल ठरावीक लांबीची, अशा स्थितीत खिडकीतून सरळ खाली जाणारी वाट हीच सर्वांत जवळची होती. ज्याने ती काढली त्याने आपले काम चोख केले. त्याला अडवणे हे पोलिसांचे काम होते आणि त्यांनी ते केले नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्या काळच्या तंत्रज्ञांच्या आठवणींचे मोल ठरवताना दोन्ही ध्यानात ठेवाव्या लागतात.

रविवारी, २४ नोव्हेंबरला, ऑस्वाल्डला काउंटीच्या तुरुंगात हलवायचे होते. पोलीस मुख्यालयाच्या तळघरात त्या सकाळी चाळीस-पन्नास वृत्तप्रतिनिधी आणि सत्तर-पंचाहत्तर पोलीस होते, असा आयोगाचा अंदाज आहे. तळघरात थेट कॅमेरे लावले होते आणि केबल उतारावरून वर रस्त्यावरील गाड्यांपर्यंत गेल्या होत्या. ११ वाजून २१ मिनिटांनी डॅलसमधील नाइटक्लबचा मालक जॅक रूबी याने गर्दीतून पुढे येऊन ऑस्वाल्डवर गोळी झाडली. एनबीसी त्या क्षणी डब्ल्यूबीएपीच्या यंत्रणेमार्फत डॅलसचे चित्र थेट दाखवत होते, त्यामुळे त्याच्या प्रेक्षकांनी ही हत्या घडताना पाहिली. सीबीएसच्या बाबतीत केआरएलडीचा कॅमेरा तळघरात होता आणि त्याचे चित्र न्यूयॉर्कपर्यंत पोचतही होते, परंतु राष्ट्रीय प्रक्षेपणात त्या क्षणी दुसरीकडचे दृश्य चालू होते; काही वेळातच टेपवरून तो प्रसंग दाखवला गेला. एबीसीला तो क्षण थेट मिळाला नाही. तीन नेटवर्कचे तीन वेगवेगळे अनुभव झाले ते वृत्तनिष्ठेतील फरकामुळे नव्हेत. कोणाची गाडी कुठे होती आणि नियंत्रण कक्षात त्या सेकंदाला कोणते बटण दाबलेले होते, एवढ्यावर ते अवलंबून होते.

त्या तळघरात दूरचित्रवाणीचे असणे हेच ऑस्वाल्डच्या मृत्यूला कितपत कारणीभूत ठरले, हा प्रश्न आयोगाने टाळला नाही. कैद्याला कोणत्या सुमारास हलवणार हे वृत्तप्रतिनिधींना आधी सांगण्यात आले होते आणि त्यांना तळघरात प्रवेशही देण्यात आला होता. आयोगाने मुख्य जबाबदारी पोलिसांवर ठेवली, मात्र वृत्तमाध्यमांनाही त्यातून मोकळे केले नाही आणि आचारसंहितेची शिफारस केली. रूबी बहुधा मेन स्ट्रीटच्या बाजूच्या उतारावरून आत आला, असा आयोगाचा निष्कर्ष आहे. कॅमेरे आणि दिवे लावणाऱ्या तंत्रज्ञांना आपल्या कामाचे हे दुसरे अंग आयुष्यभर सोबत बाळगावे लागले असेल, असे मानण्यास जागा आहे. गर्दी त्यांनी बोलावली नव्हती, पण ती त्यांच्या प्रकाशात उभी होती.

वॉशिंग्टनमधील अंत्ययात्रा आणि सोमवारचा दफनविधी यांचे प्रक्षेपण तिन्ही नेटवर्कनी कॅमेरे एकत्र करून केले. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या मोजणीनुसार त्या चार दिवसांत सरासरी घरातील संच ३१.६ तास चालू होता. एनबीसीने ७१ तास ३६ मिनिटे, एबीसीने सुमारे ६० तास आणि सीबीएसने सुमारे ५५ तास प्रक्षेपण केले. योगायोग असा की, अमेरिका आणि जपान यांच्यामधील उपग्रहाद्वारे होणारे पहिले दूरचित्रवाणी प्रक्षेपण, रिले-१ उपग्रहामार्फत, हत्येच्याच दिवशी ठरलेले होते. कॅलिफोर्नियातील मोहावी येथून जपानमधील इबाराकी केंद्राकडे केनेडी यांचा नोंदवलेला शुभेच्छासंदेश जायचा होता. तो गाळण्यात आला, आणि जपानी प्रेक्षकांना या नव्या मार्गाने मिळालेली पहिली मोठी बातमी त्यांच्या हत्येची ठरली.

दोन आठवड्यांनी, ७ डिसेंबरला, फिलाडेल्फिया येथे सेनादल आणि नौदल यांच्या संघांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला. तो मुळात ३० नोव्हेंबरला व्हायचा होता आणि राष्ट्रीय दुखवट्यामुळे पुढे ढकलला होता. सीबीएसचे दिग्दर्शक टोनी व्हर्ना यांनी या सामन्यासाठी सुमारे १,३०० पौंड वजनाचे टेप यंत्र मैदानावर आणवले, टेपच्या ध्वनिपट्टीवर खुणेचे स्वर नोंदवून अचूक जागा शोधण्याची युक्ती योजली आणि नुकताच झालेला टचडाऊन (गुण मिळवणारी चाल) प्रेक्षकांना लगेच पुन्हा दाखवला. खेळाच्या प्रक्षेपणातील तत्काळ पुनर्दर्शनाची ही सुरुवात मानली जाते. डॅलसच्या तळघरातील प्रसंग टेपवरून पुन्हा पुन्हा पाहिलेल्या प्रेक्षकांना घडून गेलेला क्षण परत पाहण्याचा अनुभव नवीन राहिला नव्हता. तो ठरवून आणि काही सेकंदांत देता येतो, हे व्हर्ना यांनी दाखवले.

डॅलसच्या केंद्रांनी त्या दिवसांच्या टेप पुसल्या नाहीत, ही इतिहासाच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. लव्ह फील्डवरील आगमनाचे डब्ल्यूएफएएचे थेट प्रक्षेपण, झॅप्रुडर यांची मुलाखत, पोलीस मुख्यालयातील तासन् तासांचे चित्रण, हे सारे आज पाहता येते. टेप पुन्हा वापरण्याचा रिवाज आणि तिची किंमत लक्षात घेतली, तर ती रिळे बाजूला काढून ठेवण्यामागे कोणाचा तरी जाणीवपूर्वक निर्णय होता, हे उघड आहे. पुढे केआरएलडी-टीव्हीचे नाव केडीएफडब्ल्यू आणि डब्ल्यूबीएपी-टीव्हीचे नाव केएक्सएएस झाले. डॅलसमधील ‘सिक्स्थ फ्लोअर म्युझियम’ने, जे १९८९ साली, ज्या पुस्तक-कोठारातून गोळ्या झाडल्या गेल्या असा आयोगाचा निष्कर्ष आहे त्याच्या इमारतीत सुरू झाले, स्थानिक केंद्रांचे चित्रण जतन केले आहे आणि त्या दिवसाशी संबंध आलेल्या लोकांच्या मौखिक आठवणीही दीर्घकाळ नोंदवल्या आहेत. डब्ल्यूबीएपीचा वृत्तसंग्रह नॉर्थ टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे आहे.

या संग्रहांमुळे अभियंत्यांच्या आठवणींना एक वेगळा आधार मिळतो. माणसाची स्मृती काळाबरोबर बदलते, आणि ज्या प्रसंगाची चित्रे पुढे हजारदा पाहिली त्या प्रसंगाची तर अधिकच. स्वतः पाहिलेले आणि नंतर पडद्यावर पाहिलेले यांची सरमिसळ होते. तंत्रज्ञाच्या आठवणीतील पुष्कळसा भाग मात्र पडताळून पाहता येतो. केंद्रांना प्रक्षेपणाच्या नोंदवह्या ठेवणे कायद्याने बंधनकारक होते, टेपवर कॅमेऱ्याचा कोन आणि लेन्सचा बदल दिसतो, आणि चित्र लोळले असेल तर तेही टेपवर उमटलेले असते. उलट, टेपवर जे दिसत नाही ते सांगणारा साक्षीदारही हाच असतो. हे दृश्य कोणत्या केंद्राच्या कॅमेऱ्याचे, तो तेथे कोणाच्या परवानगीने आला, त्याची केबल कुठवर पुरली आणि त्याच वेळी बंद असलेला दुसरा कॅमेरा कुठे होता, या प्रश्नांची उत्तरे पडद्यावरचे चित्र देऊ शकत नाही. डॅलसच्या त्या रविवारच्या तळघराचा नकाशा, कॅमेऱ्यांच्या जागांसह, आयोगाला साक्षी घेऊनच जुळवावा लागला होता, आणि त्या साक्षींमध्ये कॅमेरे ढकलणाऱ्या आणि केबल सांभाळणाऱ्या माणसांच्या साक्षीही होत्या.